फिक्श्चर : चाचण्यांच्या सामायिक पूर्वतयारीचा इतिहास

यंत्रशाळेत धातूच्या तुकड्यास भोके पाडताना तो हलू नये म्हणून ज्या साधनात घट्ट धरून ठेवतात, त्यास फिक्श्चर म्हणतात. हा शब्द सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत रूढ होण्यात केंट बेक यांचा वाटा मोठा आहे. स्मॉलटॉक या भाषेसाठी १९९४ साली त्यांनी चाचणीची जी साधी पद्धती मांडली, तिच्या मोजक्या संकल्पनांपैकी फिक्श्चर ही एक होय. खात्यातून पैसे काढण्याची क्रिया तपासावयाची, तर आधी खाते उघडून त्यात काही रक्कम जमा केलेली असावी लागते. ही सिद्ध केलेली परिस्थिती म्हणजे फिक्श्चर. ती सिद्ध करणाऱ्या मेथडला सेटअप हे नाव मिळाले.

१९९७ साली बेक आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाकडे जाताना, विमानप्रवासातच, हीच रचना जावा भाषेत आणली. जेयुनिट ते हेच. सेटअप एकदाच लिहावयाचा, परंतु तो प्रत्येक चाचणीपूर्वी नव्याने चालवावयाचा, हा तिचा दंडक होता. लेखन सामायिक, परिस्थिती मात्र स्वतंत्र. एका चाचणीचे उष्टे दुसरीच्या पानात पडू नये, हा त्यामागील हेतू.

पेच उद्भवला तो एकच चाचणी अनेक मूल्यांवर चालविण्याची गरज भासू लागली तेव्हा. मूल्ये लूपमध्ये फिरविली, तर पहिल्या अपयशाशी चाचणी थांबते आणि उरलेल्या मूल्यांचे काय झाले ते कळत नाही. २००६ च्या जेयुनिट ४ ने पॅरामिटरयुक्त चाचण्यांची सोय दिली. तीत मूल्ये क्लासच्या कन्स्ट्रक्टरला मिळत. कन्स्ट्रक्टर सेटअपच्या आधी चालत असल्याने सेटअपलाही ती ज्ञात असत. परंतु त्या क्लासमधील सर्वच चाचण्या, मूल्यांशी संबंध नसलेल्यादेखील, प्रत्येक मूल्यासाठी पुन्हा चालत.

याच सुमारास एक मूलगामी आक्षेप पुढे आला. एनयुनिटच्या दुसऱ्या आवृत्तीच्या कर्त्यांपैकी एक असलेले जेम्स न्यूकर्क यांनी ब्रॅड विल्सन यांच्यासह २००७ मध्ये एक्सयुनिट डॉट नेट रचले आणि त्यातून सेटअप ही स्वतंत्र सोयच वगळली. सेटअप लांब कोठेतरी असतो आणि चाचणी वाचणाऱ्यास तो ध्यानात धरावा लागतो, हा त्यातील खरा मुद्दा. पाणिनीच्या सूत्रांतील अनुवृत्तीशी परिचय असलेल्यास ही अडचण नवी नाही : मागील सूत्रातले पद पुढे चालत येते, लाघव साधते, पण पुढचे सूत्र एकटे वाचून अर्थ लागत नाही.

पायथनमधील पायटेस्टने २०१२ च्या २.३ आवृत्तीत निराळा तोडगा काढला. फिक्श्चर हे एक नाव असलेले फंक्शन. चाचणीला ते हवे असल्यास तिने आपल्या आर्ग्युमेंटांत ते नाव लिहावे. पूर्वतयारी सामायिकच राहते, मात्र तिचे अवलंबित्व चाचणीच्या पहिल्याच ओळीत उघड होते. शिवाय मूल्ये खुद्द फिक्श्चरला देता येतात, म्हणजे पूर्वतयारीच मूल्यागणिक बदलते. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत समाधानकारक रचना हीच. तिचा एकमेव दोष असा, की फिक्श्चरांवर फिक्श्चरे रचली गेली म्हणजे मूळ शोधताना दमछाक होते.

२०१७ च्या जेयुनिट ५ मध्ये मूल्ये क्लासऐवजी चाचणीच्या मेथडला जोडली गेली. असंबद्ध चाचण्यांची पुनरावृत्ती थांबली, परंतु सेटअपला ती मूल्ये सहजासहजी मिळेनाशी झाली. मग ज्या तयारीला मूल्य लागते, ती एका साहाय्यक मेथडमध्ये लिहून चाचणीतूनच हाक मारणे हा सरळ मार्ग उरला. तो गैरसोयीचा मानला जातो. वाचकाच्या दृष्टीने मात्र त्यात हानी नाही, कारण तयारी जेथे लागते तेथेच दिसते. पुढे २०२५ मध्ये ५.१३ या आवृत्तीने संपूर्ण क्लासला मूल्ये देण्याची सोय पुन्हा आणली, मेथडची सोय तशीच ठेवून. त्यामुळे तयारी मूल्यावर अवलंबून आहे की नाही, हे क्लास लिहिताना आधीच ठरवावे लागते.