तळटीप : चित्र ७, चिखले येथील भिंत

* चिखले (ता. डहाणू) येथील कुडाच्या भिंतीवरचे वारली चित्र : शेणमातीचे लिंपण, त्यावर गेरू, वर तांदळाच्या पिठाच्या रेषा. छापील प्रतीत गेरू विटकरी आहे. ई-आवृत्तीच्या मसुद्यात तो कुणाला कुंकवासारखा भडक दिसला, कुणाला पाणचट चहासारखा. दोष चित्रकर्तीचा नाही. फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, पण लाल २०० म्हणजे नेमका किती लाल, हे सोबतची रंग-प्रोफाइल सांगते. पायली कुठली ते न सांगता 'चार पायली भात' म्हणावे, तशीच प्रोफाइलवाचून आकड्यांची गत. मूळ फोटो 'अ‍ॅडोबी आरजीबी' (१९९८) या मोठ्या मापातला. प्रोफाइल वाचणारे सॉफ्टवेअर ते आकडे पडद्याच्या मापात बदलून घेते. न वाचणारे सरळ पडद्याकडे ढकलते. पडदा साधा, 'एसआरजीबी' या लहान मापाच्या बेताचा असला की गेरू फिकटतो. रुंद रंगपल्ल्याच्या पडद्यावर मात्र 'एसआरजीबी'तले साधे चित्रही असेच न बदलता ढकलले की भडकते. पिठाच्या रेषा सगळीकडे जवळपास सारख्या दिसतात, कारण दोन्ही मापांतला पांढरा एकच आहे. मसुद्याच्या वेळी प्रोफाइल आमच्याच हातून गळली होती. आता चित्र 'एसआरजीबी'त बदलून, प्रोफाइल जोडून दिले आहे. खरा रंग भिंतीवरच पाहू म्हटले, तर पावसाची ओल धरलेला गेरू फोटोतल्या उन्हाळी गेरूपेक्षा चांगलाच गडद निघाला. — संपा.