दात, हिरड्या आणि अख्खं शरीर : घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं असं काही

शुगरचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, दाताचा तर अगदीच वेगळा. त्यामुळे तोंड म्हणजे शरीराबाहेरची एखादी वस्तू आहे असं आपण धरून चालतो. दात दुखला की लवंग दाबायची, मेडिकलमधून गोळी आणायची, दुखणं थांबलं की विसरून जायचं. काळाचौकी, लालबाग, शिवडी, कॉटन ग्रीन या आपल्या भागात बहुतेक घरांत हेच चालतं. पण हिरडीतून रोज येणारं रक्त, अब्बांची वाढलेली शुगर आणि दादीची मिश्री या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कशा, ते एकेक करून पाहू.

हिरडीत नेमकं काय होतं?

खाल्ल्यावर दातांवर जंतूंचा चिकट, पातळ थर बसतो. रोज घासला तर निघतो. राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होऊन त्याचं कीटण बनतं, आणि ते ब्रशने निघत नाही. कीटणाखाली जंतू वाढतात, हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. दुखत मात्र नाही, म्हणून माणूस लक्ष देत नाही. पुढे सूज खाली उतरते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि दात हलू लागतो. यालाच लोक पायरिया म्हणतात.

सुजलेली हिरडी ही एक उघडी जखमच असते. तिथून जंतू आणि सुजेची रसायनं रक्तात जात राहतात. तोंडाचा बाकी शरीराशी संबंध जोडला जातो तो इथे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. "दात साफ करून घेतले की हलतात" असं सर्रास ऐकायला मिळतं. खरं म्हणजे हाड आधीच झिजलेलं असतं आणि दात कीटणाच्या आधारावर उभा असतो. कीटण काढलं की ते उघडं पडतं, एवढंच.

मधुमेह : दोन्ही बाजूंनी चालणारा रस्ता

शुगर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार लवकर होतो आणि जोरात वाढतो. उलट बाजूनेही तसंच आहे. हिरड्यांची जुनी सूज शुगर ताब्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलं आहे. आकडा लहान वाटेल, पण शुगरवाल्याला त्याची किंमत कळते. औषध चालूच ठेवायचं, हा फायदा त्याच्या जोडीला.

म्हणून घरात शुगरचा पेशंट असेल तर जसे डोळे आणि पाय तपासतो, तशी वर्षातून निदान एकदा हिरड्यांची तपासणी करून घ्या. दाताच्या डॉक्टरकडे जाताना नाश्ता आणि नेहमीचं औषध घेऊनच जा. उपाशीपोटी खुर्चीत बसलं की शुगर खाली येऊन चक्कर येऊ शकते.

हृदय : किती खरं, किती वाढवून सांगितलेलं

ज्यांच्या हिरड्या खराब असतात त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसतो, हे खरं. पण तंबाखू, शुगर, वय ही कारणं दोन्ही आजारांना सारखीच आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट केलं की दोन्हींचा संबंध दिसतो, मात्र हिरड्यांमुळेच हृदयविकार होतो हे सिद्ध झालेलं नाही. "दात साफ करा, हार्ट अटॅक टळेल" असं कोणी सांगून पैसे मागत असेल तर सावध राहा.

एका बाबतीत मात्र धोका पक्का आहे. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल, झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झालेला असेल किंवा काही प्रकारचा जन्मजात हृदयदोष असेल, तर दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. ही माहिती डॉक्टरला आपणहून सांगा.

औषधांची चिठ्ठी सोबत न्या

प्रेशरच्या अॅम्लोडिपिन या गोळीने काहींच्या हिरड्या फुगतात. फिटच्या फेनिटोइन गोळीनेही तसं होतं. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात. हाडं ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी काही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत नेणं ही दोन मिनिटांची गोष्ट आहे.

बाळंतपण आणि हिरड्या

गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात आणि रक्त येतं. "पोटुशी बाईने दाताला हात लावायचा नाही" हा सल्ला चुकीचा आहे. तपासणी, साफसफाई, जरुरीचं फिलिंग या काळात करता येतं, आणि चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा असतो. हिरड्यांचा आजार आणि वेळेआधी होणारं बाळंतपण यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. मात्र हिरड्यांवर उपचार केल्याने ते टळतं असं खात्रीने म्हणता येत नाही. उपचार करायचे ते आईला दुखू नये, तिला नीट खाता यावं म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे.

गिरणगाव, मिश्री आणि गोड सुपारी

आपला भाग गिरण्यांचा. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं इथे आली, तसे उत्तर प्रदेशातले मोमीन विणकरही मुंबईच्या गिरण्यांत मागावर उभे राहिले. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तंबाखूची सवय मात्र घरात राहून गेली. पुरुषांकडे चुना-तंबाखू आणि मावा, बायकांकडे मिश्री.

१९९० च्या दशकात मुंबई शहरात ३५ वर्षांवरच्या ९९,५९८ लोकांची घरोघरी जाऊन पाहणी झाली. डॉ. प्रकाश गुप्ता यांनी तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये मांडले. पुरुषांमध्ये तंबाखूचं प्रमाण ६९.३ टक्के निघालं आणि बायकांमध्ये ५७.५ टक्के. बायकांचा वापर जवळजवळ सगळा बिनधुराचा होता, आणि त्यात मिश्री सर्वांत पुढे. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका, आणि त्यांतल्या बहुतेकींना कुणी 'व्यसनी' म्हणणार नाही. कारण मिश्रीला आपण दात घासणं समजतो. दात दुखला की मिश्री, सकाळी उठलं की मिश्री. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात स्वच्छ करत नाही. निकोटिनची तलफ मात्र लावते.

दुसरी गोष्ट सुपारी. तंबाखू नसली तरी सुपारीने कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. सुपारीने गालाची आतली कातडी आखडत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायलाही कायद्याने मनाई आहे. तरी रंगीत पुडीतली गोड सुपारी मुलांच्या दप्तरात सापडते, हे शिक्षक म्हणून मी पाहतो. पालकांना सांगितलं तर "सर, तंबाखू थोडीच आहे" असं उत्तर मिळतं. आपल्या लग्नांत, दावतींतही जेवणानंतर हीच सुपारी ताटलीत घालून मुलांपुढे फिरते.

घरी करायची तपासणी सोपी आहे. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ते बघा. मग उजेडात आरशासमोर गाल, जीभ, जिभेखालचा भाग आणि टाळू पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट लागल्यावर होणारी आग, गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर आघाडीवर आहे. केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या नजरेने तोंड तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. वेळेवर बघितलं तर जीव वाचतो, एवढा साधा हिशेब आहे.

मिसवाक, वुजू आणि रमजान

तोंडाची सफाई आपल्याकडे इबादतीशी जोडलेली आहे. उम्मतीवर जड जाईल अशी काळजी नसती तर प्रत्येक नमाजेच्या वेळी मिसवाकचा हुकूम दिला असता, या अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मिसवाक बहुधा पीलूच्या झाडाची असते. तिच्यात जंतूंना रोखणारे घटक आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ मध्ये तिच्या वापराची शिफारस केली होती.

पण वापर नीट हवा. काडी ताजी आणि ओली असावी, टोक मऊ चावून घ्यावं, झिजलेले तंतू कापून टाकावेत. आडवं जोरात घासलं तर हिरडी मागे सरकते. मागच्या दाढा आणि दातांची आतली बाजू मिसवाकने सहज सुटून जाते. म्हणून दिवसभर नमाजेला मिसवाक आणि रात्री झोपण्याआधी फ्लोराइडची पेस्ट व मऊ ब्रश, अशी जोडी ठेवा. सुन्नतही राहते, दातही राहतात.

रोज्यात काय चालतं यावर मसलकींत फरक आहे. हनफी घरांत रोज्यात केव्हाही मिसवाक करतात. आपल्या कोकणी शाफई कुटुंबांत दुपार ढळल्यावर ती मकरूह मानली जाते. पेस्ट गिळली जाण्याची भीती असते, म्हणून बहुतेक आलिम रोज्यात ती टाळायला सांगतात. इंजेक्शन, दात काढणं याबद्दल आपल्या आलिमांना आधी विचारा. सगळ्यांत बरं म्हणजे शाबानमध्येच तपासणी उरकून घ्यायची. सेहरीनंतर आणि झोपण्याआधी ब्रश, आणि इफ्तारचं सरबत रात्रभर घोट घोट पीत बसायचं नाही. दातांना साखर किती यापेक्षा ती किती वेळा लागते, हे जास्त बाधतं.

लहान मुलं

पहिला दात आला की सफाई सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद करा, पुढचे दात त्यानेच काळे पडतात. "दुधाचे दात, पडणारच आहेत" असं म्हणून सोडू नका. दात दुखणारं पोर जेवत नाही, झोपत नाही आणि वर्गात त्याचं लक्ष लागत नाही. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश अम्मी-अब्बांपैकी कुणीतरी स्वतः करून द्यावा.

'होलिस्टिक' नावाखाली काय घ्यावं, काय सोडावं

हल्ली 'होलिस्टिक डेंटिस्ट्री' अशा पाट्या दिसतात. दात बघताना पेशंटचा आहार, शुगर, औषधं, झोप, तंबाखू सगळं विचारणं हा त्याचा अर्थ असेल तर चांगलंच आहे. चांगला डॉक्टर ते करतोच. पण याच नावाखाली काही जुन्या भीती नव्याने विकल्या जातात.

विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने १९१० मध्ये माँट्रियलच्या भाषणात सांगितलं की अनेक रोगांचं मूळ दातांतल्या जंतूंत आहे. त्यानंतर सांधेदुखी, अशक्तपणा अशा कारणांनी लोकांचे दातच्या दात उपटले गेले. आजार गेले नाहीत, दात गेले. पुढच्या अभ्यासांत ही कल्पना टिकली नाही. "रूट कॅनलमुळे कॅन्सर होतो" ही आजची अफवा त्याच झाडाची फांदी आहे.

चांदीच्या फिलिंगमध्ये पारा असतो. पर्यावरणासाठी त्याचा वापर कमी करायचं २०१३ च्या मिनामाता करारात ठरलं. पण शाबूत असलेलं जुनं फिलिंग केवळ भीतीने उकरून काढायची गरज नाही. काढतानाच जास्त वाफ सुटते.

तेलाच्या गुळण्यांनी तोंडाला बरं वाटेल, पण त्यांचा पुरावा कच्चा आहे. कोळशाची पूड आणि खरखरीत मंजन दातांचं वरचं आवरण झिजवतात. लवंग तेलाने तात्पुरता आराम पडतो, कीड जात नाही. अॅस्पिरिनची गोळी दुखऱ्या दातापाशी दाबून ठेवली तर हिरडी भाजते.

कुठे जायचं?

खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे, १९३३ पासूनचं. कॉटन ग्रीनहून हार्बर लोकलने थेट सीएसएमटीला उतरलात, तर जवळच सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं, पण उपचार कमी खर्चात होतात. तोंडात संशयास्पद चट्टा किंवा जखम असेल तर परळचं टाटा मेमोरियल आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

दाताची सूज गळ्याकडे उतरत असेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर सकाळची वाट पाहू नका. तडक केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. यात जीव जाऊ शकतो.

या आठवड्यात घरी करायच्या पाच गोष्टी

१. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची तीन बोटांची तपासणी.
२. शुगर आणि प्रेशरच्या गोळ्यांची एक चिठ्ठी लिहून ठेवणं.
३. सगळ्यांसाठी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट. तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलणं.
४. कवळी वापरणाऱ्या बुजुर्गांनी ती रात्री काढून, धुऊन, पाण्यात ठेवणं.
५. दादी-नानीशी मिश्रीबद्दल बोलणं. ओरडून नाही, अदबीने. चाळीस वर्षांची सवय एका दिवसात जाणार नाही, पण त्यांचं तोंड एकदा तपासून घ्यायला त्या नातवाच्या शब्दाखातर नक्की तयार होतील.

शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे असं आपण म्हणतो. त्या अमानतीत बत्तीस दात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या हिरड्याही मोजायला हव्यात.