रंध्यावरून सुचलेला वस्तरा

लंडनच्या सॅम्युअल पेप्सने जानेवारी 1664मध्ये आपल्या रोजनिशीत एक नोंद केली. आपण आजपासून स्वतःच वस्तऱ्याने दाढी करू लागलो, हाताला ते जमतंय आणि त्यात पैसा व वेळ दोन्ही वाचतात, अशा अर्थाची ती होती. 1662मध्ये हाच गृहस्थ चेहऱ्यावर प्युमिस दगड घासून दाढी उतरवत होता. दगड ठेवून वस्तरा हाती घ्यायला त्याला दीडेक वर्ष लागलं.

वस्तऱ्याची धास्ती वाटावी अशीच त्या काळची स्थिती होती. लंडनमध्ये न्हावी आणि शल्यचिकित्सक 1745पर्यंत एकाच संघात होते, म्हणजे वस्तरा हे जाणत्याच्या हातचं हत्यार होतं. त्यात पोलाद एकजिनसी मिळत नसे. धार टिकली नाही की हात आपोआप दाब देतो, आणि कातडी कापते ती त्या दाबाने. 1740च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत वितळवून एकसारखं पोलाद काढलं. ते फार कठीण म्हणून शेफील्डच्या कारागिरांनी आधी नाकारलं. माल फ्रान्सला गेला.

त्याच फ्रान्समध्ये 1769 साली झां-झाक पेरे या पॅरिसच्या सुरी-कात्री करणाऱ्या कारागिराने ‘पोगोनोतोमी’ हे पुस्तक लिहिलं. विषय एकच: स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला. पेरेचं मोठेपण असं, की त्याने नवशिक्याला ‘भिऊ नका’ एवढं सांगून वाटेला लावलं नाही. सुताराचा रंधा जेवढा पाहिजे तेवढंच लाकूड तासतो, कारण पात्याचं टोक तेवढंच बाहेर असतं. तीच युक्ती त्याने वस्तऱ्याला लावली. पात्यावर लाकडी आवरण बसवून धारेची फक्त कड उघडी ठेवली. सेफ्टी रेझरची कल्पना इथून सुरू होते.

उघड्या वस्तऱ्याची रीत मात्र हातालाच शिकावी लागते. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरायची. पातं गालाशी साधारण तीस अंशांत टेकवायचं आणि केसांच्या दिशेने, अगदी थोड्या अंतरापुरतं, खाली आणायचं. आडवं सरकवायचं नाही. आडवं गेलेलं पातं चिरतंच. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे, धार मागे. उलटं झालं तर पट्टा कापला जातो आणि धारही मरते. बहुतेक भीती इथेच, या पट्ट्यावर जिंकली जाते.

पुढे अमेरिकेतल्या जिलेटने सेफ्टी रेझर बाजारात आणून हा सारा अभ्यासच अनावश्यक करून टाकला. 1903मध्ये त्याचे जेमतेम 51 रेझर खपले. पुढच्याच वर्षी 90 हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना ते सरकारकडून मिळाले आणि तरुणांची एक पिढी निसण्याशिवायच दाढी करायला शिकली. महाराष्ट्रातल्या सलूनमध्येही आता वस्तऱ्यात मोडलेलं अर्धं ब्लेड बसवतात आणि गिऱ्हाईक उठलं की टाकून देतात.

तरीही कुणाला जुना वस्तरा शिकायचाच असेल, तर त्याने आधी धार जाणकाराकडून लावून घ्यावी, सुरुवात गालाच्या सपाट भागापासून करावी, आणि हात बसेपर्यंत हनुवटी व ओठावरची जागा साध्या रेझरवर सोपवावी.