वसईची वधू, १६९५

भांड्याच्या काठावर बसलेली कबुतरं म्हणजे प्रेम, कुत्रा म्हणजे निष्ठा. रोमच्या सूक्ष्म मोझेकच्या जुन्या ब्रोचवर अशी चिन्हं दिसतात. काच तापवून तिच्या बारीक तारा ओढायच्या आणि त्यांचे कण शेजारी शेजारी बसवून चित्र साधायचं, असं हे काम. पोर्तुगीज वसईतल्या वधूने असा ब्रोच लावला असेल का? नाही. रोमचा मोझेक-कारागीर जाकोमो राफाएल्ली याने या तारांच्या कामाचं प्रदर्शन रोममध्ये मांडलं ते १७७५ साली, आणि वसई पोर्तुगीजांकडून मराठा सेनानी चिमाजी अप्पांच्या हाती गेली ती मे १७३९ मध्येच.

मग त्या वधूचं काय हाती लागतं? नेपल्सचा वकील आणि प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५ च्या सुरुवातीला वसईत होता. तिथल्या एका खानदानी लग्नाचं वर्णन त्याने केलं आहे. वधूचा पोशाख उंची, फ्रेंच धाटणीचा. तुताऱ्यांचा सूर मात्र इतका उदास, की गुन्हेगाराला वधस्तंभाकडे नेत असावेत! नवऱ्याने वधूला आपल्या उजव्या बाजूला घेतलं नव्हतं, हेही त्याने टिपलं. कारण विचारल्यावर पोर्तुगीजांनी सांगितलं: तिच्या रक्षणासाठी तलवार उपसायला उजवा हात मोकळा हवा.

हे स्पष्टीकरण ऐकीव आहे, ते जपूनच वापरावं. रीत कारेरीने डोळ्यांनी पाहिली, तिचा अर्थ लोकांकडून घेतला. तरीही मला ते मोलाचं वाटतं. वसईची माणसं आपल्या लग्नाकडे कोणत्या नजरेने पाहत होती, हे त्यातून त्यांच्याच तोंडून कळतं.

कारेरीलाही तिथे वधू देऊ केली गेली होती: वसईतच राहून वकिली करावी, २०,००० स्पॅनिश चांदीच्या नाण्यांचा हुंडा मिळेल. त्याने नकार दिला. अशा हुंड्यांत जमिनीही असत. पोर्तुगीज पुरुषाशी लग्न करण्याच्या अटीवर पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'तली, म्हणजे वसईच्या मुलखातली, गावंच्या गावं मुलींच्या नावे केली जात. त्यामुळे दफ्तरांत गावांचे हक्क आणि वारस सापडतात, गळ्यातल्या साखळीची नोंद होण्याचं कारणच नव्हतं.

खुद्द दागिन्यांचा माग १७३९ च्या शरणागतीच्या अटींपाशी तुटतो. ज्यांना जायचं होतं त्या रहिवाशांना चीजवस्तू घेऊन निघून जायची मुभा होती. सोनं तर सगळ्यात आधी गाठोड्यात गेलं असणार. स्थानिक ख्रिस्ती कुटुंबं मागे राहिली. त्यांचे दागिने इथल्याच सोनारांच्या हातचे, म्हणून त्यांचा शोध फिदाल्गोंच्या, म्हणजे पोर्तुगीज खानदानी मंडळींच्या, कागदांत न घेता गावोगावच्या घरांत घ्यायला हवा.