कुजलेला खांब: दुरुस्त करायचा की बदलायचा?

आजचा एपिसोड थोडा लाकडाचा, थोडा कायद्याचा आणि बराचसा मुंबईचा आहे. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिखित भाग.

सुरुवात एका जहाजापासून करू. १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईच्या गोदीतून 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका पाण्यात उतरली. बांधणारे होते जमशेटजी बमनजी वाडिया. इंग्लंडमध्ये तेव्हा ओकच्या लाकडाची टंचाई होती, म्हणून ब्रिटिश नौदलाची जहाजं आपल्याकडे मलबारच्या सागवानात बनत होती. हे जहाज आजही तरंगतंय, इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावात. १९९० ते २००१ या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली. जे कुजलं होतं तेवढं काढलं, बाकीचं ठेवलं. एवढं सगळं होऊनही त्यातलं जवळपास ६५ टक्के लाकूड मूळचं आहे, असं सांगतात. म्हणजे दोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेलं सागवान!

आता गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वरला या. इथल्या कितीतरी जुन्या इमारती आणि चाळी लाकडी सांगाड्यावर उभ्या आहेत. खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, मधे विटांची भिंत, वर फळ्यांची जमीन, पुढे लाकडी गॅलरी. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्धात गिरण्या आल्या, माणसं आली, आणि ही घरं भराभर उठली. लाकूड मलबारचं, पुढे ब्रह्मदेशाचंही. 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी १८६३ सालची, आणि सागवान हाच तिचा मोठा धंदा होता.

मग प्रश्न असा पडतो, की जहाजाचं सागवान दुरुस्त होतं आणि चाळीच्या सागवानाला 'दुरुस्तीपलीकडचं' असा शिक्का का बसतो?

आधी लाकडाची बाजू बघू. लाकूड 'जुनं झालं' म्हणून कुजत नाही. कुजवणारी बुरशी जगायला पाणी लागतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर तिचं काही चालत नाही. सागाचा गाभा तर बुरशीला आणि वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही. सालीजवळचा फिकट भाग मात्र कच्चा असतो, तो लवकर जातो. त्यामुळे जुन्या इमारतीत कूज सगळीकडे सारखी नसते. ती ठरलेल्या जागी सापडते: मोरीखालची तुळई, संडासाच्या भिंतीला लागलेला खांब, भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक, गळक्या पन्हाळीखालचा कोपरा. चार फूट बाजूला तेच लाकूड ठणठणीत असतं.

म्हणून जाणता सुतार आधी पटाशी टोचून बघतो. टोक सहज आत गेलं तिथपर्यंत कूज. त्याच्या थोडं पुढे, चांगल्या लाकडात कापायचं, नवा तुकडा खाच मारून बसवायचा, खुंट्या किंवा बोल्ट मारायचे. हे करताना वरचा भार टेकूवर घ्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी कुठून येतंय ते आधी बंद करायचं. नाहीतर नवा तुकडाही काही वर्षांत जाणार. आमच्या धंद्यात सांगायचं तर, लीक कुठे आहे ते न शोधता सर्व्हर रीस्टार्ट करत बसण्यासारखं आहे ते.

म्हणजे तंत्र अवघड नाही. मग घोडं अडलं कुठे? भाड्याच्या पावतीत.

पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली आणि १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. पण खरा परिणाम झाला तो १९४७ च्या कायद्याने. त्यात 'प्रमाणित भाडं' बहुतेक जुन्या घरांसाठी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला धरलं गेलं. हेतू चांगला होता. युद्ध, फाळणी, घरांची टंचाई यात गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नये. पण भाडं थांबलं, सुताराची मजुरी थांबली नाही. सागवानाचा भाव तर नाहीच. मालकाने हिशेब केला: खांबाला जोड द्यायचा खर्च इतका, आणि सगळ्या बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं त्याहून कमी. मग कशाला करायचं? भाडेकरू म्हणाला, घर माझ्या नावावर नाही, मी कशाला करू? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. मोरीखालची तुळई मात्र रोज भिजत होती.

१९६० च्या दशकात इमारती कोसळण्याचे प्रकार वाढले. मग १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं. कल्पना अशी, की जुन्या इमारतींकडून उपकर घ्यायचा, सरकारने भर घालायची आणि मंडळाने दुरुस्ती करायची. सुरुवातीला अशा 'उपकरप्राप्त' इमारती होत्या १९,६४२. त्यातल्या १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. सगळ्या लाकडी नव्हत्या, पण लाकडी सांगाड्याच्या बहुतेक याच गटात. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झालं.

मंडळाने खूप इमारती सावरल्या, हे कबूल करायला हवं. पण दुरुस्ती म्हणजे काय, हेही त्याच काळात बदललं. अनेक ठिकाणी कुजलेल्या तुळईला जोड देण्याऐवजी लोखंडी गर्डर आला. काम पटकन होतं, मोजायला आणि टेंडर काढायला सोपं. पण मोरीची गळती तशीच राहिली तर लाकूड कुजायचं तिथे लोखंड गंजतं, आणि समुद्राची हवा त्याला मदतच करते.

आणि कायद्यात एक मर्यादा होती. दुरुस्तीचा खर्च दर चौरस मीटरमागे ठरलेल्या रकमेच्या वर गेला, तर इमारत वाजवी खर्चात दुरुस्त होण्यासारखी नाही, असं मंडळ जाहीर करू शकतं. वरचा फरक भाडेकरूंनी भरला तर गोष्ट वेगळी. ही रक्कम सरकारने वेळोवेळी वाढवली. पण बघा, 'दुरुस्तीपलीकडे' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, लाकूड संपलं. खरं तर संपलेलं असतं ते बजेट.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हे कलम आलं आणि पारडं पूर्ण फिरलं. जुनी इमारत पाडून नवी बांधली तर जादा एफएसआय. जुन्या भाडेकरूला नवीन घर फुकट, आणि उरलेली घरं बिल्डरने बाजारात विकायची. १९९९ मध्ये हे आणखी आकर्षक केलं गेलं. आता कुजलेल्या खांबाकडे बघणारा प्रत्येक माणूस वेगळा हिशेब करू लागला. खांब दुरुस्त केला तर काहीच मिळत नाही, इमारत पाडली तर सगळ्यांना काहीतरी मिळतं. त्याच सुमारास सुप्रीम कोर्टाने गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं आणि २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण साठ वर्षांच्या तुंबलेल्या दुरुस्तीपुढे चार टक्के म्हणजे काय!

पाडलेल्या इमारतीतलं सागवान पुढे कुठे जातं माहितेय? भंगारवाल्यामार्फत फर्निचरच्या बाजारात. 'जुनं बर्मा टीक' म्हणून त्याची टेबलं चढ्या भावाने विकली जातात. इमारतीत जे निकामी होतं, ते दिवाणखान्यात अँटीक होतं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, हा पठ्ठ्या चाळी वाचवा म्हणणार. तसं नाही. माझी आत्या गिरगावात अशाच एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. एकशे साठ फुटांची खोली, संडास गॅलरीच्या टोकाला, सात बिऱ्हाडांत मिळून. मी तिला उत्साहाने सांगत होतो, की तुमचे खांब वरून अजून चांगले आहेत, जोड देऊन पन्नास वर्षं निघतील. ती म्हणाली, "अरे, खांब काढेल पन्नास वर्षं. माझे गुडघे काढतील का? रात्री तीनला संडासला जाताना मला खांब दिसत नाही, जिना दिसतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिफ्ट आणि घरात संडास हवा असणं ही काही चैन नाही.

पण तिचीच दुसरी भीती तितकीच खरी आहे. इमारत रिकामी केली आणि काम अडकलं तर? संक्रमण शिबिरात गेलेली आणि दशकं उलटूनही न परतलेली कुटुंबं या शहरात आहेत. म्हणून जागा सोडायची की नाही यावर तिच्या चाळीत वर्षानुवर्षं बैठका चालतात, आणि तोवर पाच-दहा हजारांत बंद होणारी गळती कोणी बंद करत नाही, कारण 'आता पाडायचीच आहे ना'. मला वाटतं, सगळ्यात धोकादायक निर्णय हाच. दुरुस्त करणं चालेल, बदलणंही चालेल. ठरत नाही तोवर काहीच न करणं, हे माणसं मारतं. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, ती याच थांबण्यातून वाढते.

तर तुमच्या घरी, गावच्या वाड्यात किंवा चाळीत असा खांब असेल, तर चार प्रश्न याच क्रमाने विचारा. पाणी कुठून येतंय? कूज किती खोल आहे, टोचून पाहिलंय का, की नुसतं दिसण्यावरून ठरवलं? या खांबावर भार किती आहे आणि आजच टेकू लागणार का? हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला नको. आणि शेवटचा: जो माणूस 'हे आता बदलायलाच हवं' किंवा 'अजून काही होत नाही' म्हणतोय, त्याचा यात फायदा काय?

'ट्रिंकोमाली'चं लाकूड आपल्या लाकडापेक्षा भारी नव्हतं. ते टिकवण्यात कोणाला तरी रस होता आणि खर्च कोण करणार हे ठरलेलं होतं, एवढाच फरक.

तुमच्या घरातल्या अशा खांबाची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर पन्हाळी साफ करून घ्या, पावसाळा येतोय. भेटू!