शेळीच्या दुधाची पळवाट

दीड वर्षापूर्वी मी दूध सोडलं. मांस-मासे-अंडी त्याआधीच सुटली होती, त्यावर घरात कुणी फारसं बोललं नव्हतं. पण माझा चहा बिनदुधाचा ठेव म्हटल्यावर आजी म्हणाली, "अगं, गांधीजीसुद्धा शेळीचं दूध प्यायचे. तू काय त्यांच्याहून मोठी झालीस?"

मला उत्तर सुचलं नाही. गांधीजी शेळीचंच दूध का प्यायचे, हा प्रश्न शाळेत कधी पडलाच नव्हता. साधी राहणी, म्हणून शेळी, एवढंच डोक्यात होतं. मग 'सत्याचे प्रयोग' काढून वाचलं. तेव्हा कळलं की शेळीचा साधेपणाशी काही संबंध नाही. ती त्यांना कायम बोचत राहिलेली एक तडजोड होती.

गोष्ट सुरू होते १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर. दूध वासना चाळवतं, ही गोष्ट गांधीजींच्या मनात बरीच आधीपासून होती. त्यात कोलकात्याहून आलेलं काही लिखाण त्यांच्या हाती पडलं. तिथले गवळी गाईम्हशींचे कसे हाल करतात, याचं त्यात वर्णन होतं. वासरू जवळ नसलं की जनावर पान्हा चोरतं. तो सोडवण्यासाठी जनावराच्या योनीमार्गात नळीने हवा फुंकायची, असा एक प्रकार होता. त्याला 'फुंका' म्हणत. गांधीजी आणि त्यांचे मित्र कॅलनबाख या दोघांनी मिळून दूध सोडलं.

म्हणजे कारणं दोन होती. एक ब्रह्मचर्याचं, ते आज माझ्या पिढीला फारसं पटणार नाही. दुसरं जनावराच्या यातनेचं. ते मात्र अजून तसंच उभं आहे. फुंका आपल्याकडे इतका रुळलेला होता की १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात त्याच्या नावानिशी स्वतंत्र कलम घालावं लागलं.

पहिली परीक्षा १९१४ साली लंडनमध्ये झाली. गांधीजींना फुप्फुसाच्या आवरणाची सूज आली होती. डॉ. जीवराज मेहता दूध आणि धान्य घ्या म्हणत होते. गोपाळ कृष्ण गोखलेही त्याच शहरात होते आणि त्यांनीही प्रेमाने आग्रह धरला. गोखल्यांना गांधीजी राजकारणातले गुरू मानत, त्यामुळे नाही म्हणणं सोपं नव्हतं. त्यांनी रात्रभर विचार केला. जिथे धर्मबुद्धी मुख्य आहे तिथे ठाम राहायचं आणि जिथे हेतू मिसळलेले आहेत तिथे डॉक्टरांचं ऐकायचं, असं ठरवलं. दूध पहिल्या खात्यात गेलं. संध्याकाळी गोखल्यांना नकार मिळाला.

मला ही विभागणी फार महत्त्वाची वाटते. आपण व्हीगन होण्यावर वाद घालतो तेव्हा सगळं एकाच पातेल्यात ढवळतो. दुधाने त्रास होतो, वासरावर अन्याय होतो, पर्यावरण बिघडतं, त्वचा छान होते. एक मुद्दा पडला की सगळेच पडल्यासारखे वाटतात. गांधीजींनी त्या रात्री ही पातेली वेगळी केली.

दुसऱ्या परीक्षेत मात्र ते नापास झाले. शब्द माझा आहे, पण त्यांचं स्वतःचं मत याहून सौम्य नव्हतं. १९१८ साली ते गुजरातेत, खेडा जिल्ह्यात, ब्रिटिश सैन्यासाठी भरतीचा प्रचार करत पायी हिंडत होते. अहिंसेचा माणूस सैन्यभरती करतो, हा आणखी एक वेगळा लेख होईल. तेव्हा त्यांचं मुख्य खाणं होतं शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबं. आजच्या जिमच्या भाषेत, पीनट बटर डाएट. त्यातच आमांश झाला आणि इतका बळावला की आपण जगत नाही, असं त्यांना वाटू लागलं. हवापालटासाठी ते माथेरानला गेले. तिथलं पाणी जड, मूळचा त्रास आणखी वाढला. आठवड्याच्या आतच तिथून निघावं लागलं.

मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितलं, की दुधाशिवाय शरीर पुन्हा उभं राहणार नाही. गांधीजींनी व्रताची सगळी हकिगत सांगितली, फुंक्याचं कारणही सांगितलं. कस्तुरबा बिछान्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. मग शेळीच्या दुधाला हरकत नसावी, असं त्याच बोलल्या. डॉक्टरांनी तो धागा लगेच उचलला.

गांधीजी कबूल झाले. रौलट कायद्याविरुद्ध लढा उभारायचा होता, त्यासाठी जगायचं होतं. पण आत्मकथेत ते स्वतःला सूट देत नाहीत. व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस असली, तरी त्यात सगळ्याच जनावरांचं दूध आलं. आपण अक्षर पाळलं आणि आत्मा सोडला, असं ते मोकळेपणाने मान्य करतात. दुधाला वनस्पतीतला पर्याय कुणाला ठाऊक असेल तर सांगावा, असंही वाचकांना विनवतात.

तो पर्याय त्यांना मिळाला नाही. १९३१ साली लंडनच्या शाकाहारी मंडळींपुढे बोलताना त्यांनी सांगितलं, की जे फक्त तब्येतीसाठी शाकाहारी होतात तेच बहुतेक मागे फिरतात. टिकायचं तर नैतिक पाया हवा. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. त्यात दूध हा प्राणिज पदार्थच आहे, हे ते मान्य करतात. ज्याला दूध चालतं त्याला निर्जीव अंडं चालायला हरकत नाही, इथपर्यंत जातात. आणि तरीही अनुभवाने सांगतात, की तब्येत राखायची तर शाकाहाऱ्याला दूध लागतंच.

त्याच पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा गेल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'व्हीगन' हा शब्द रुळवला. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींची हत्या झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळं काढल्याचं जाहीर केलं. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. दूध, अंडी, मांस यांतून ते आपल्याला मिळतं, वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. गांधीजींचा आमांश बी-१२ अभावी झाला, असं मी म्हणणार नाही. पण ज्या पर्यायाच्या शोधात ते होते त्याचा एक मोठा तुकडा त्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी हाती आला.

हे सगळं वाचत असतानाच माझा रक्ताचा रिपोर्ट आला. बी-१२ कमी. दूध सोडताना मी गोळी सुरू केली नव्हती, कारण 'नैसर्गिक' आहाराला गोळी कशाला, असा माझा तोरा होता. चूक वासराची बाजू घेण्यात नव्हती. ती बाजू घेताना शरीराबद्दल खोटं बोलण्यात होती. नीट आखलेला दूधविरहित आहार निरोगी प्रौढ माणसाला पुरतो, पण बी-१२ बाहेरून घ्यावंच लागतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग करूच नये.

आणि नैतिक पातेलंही वाटतं तितकं स्वच्छ नाही. आमच्या गावाकडे ज्याच्या दावणीला दोन गाई आहेत, त्याचं घर दर दहा दिवसांच्या डेअरीच्या बिलावर चालतं. त्याला मी बदामाच्या दुधाचे गुण सांगायला जाणार नाही. पण दूध आटलेल्या म्हशीचं आणि रेडकाचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

आजीला मी शेवटी कस्तुरबांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बाईने नवरा वाचवला. तिचं काय चुकलं?"

काहीच नाही, म्हटलं. बी-१२ची गोळी तेव्हा निघालेली नव्हती. मी आता दर रविवारी घेते, आजी आठवण करते.