"ऑइल किती टाकू?" : टू-स्ट्रोक रिक्षाचा इतिहास आणि संशोधनाचा एक धडा

ज्यांचं लहानपण १९९०च्या आसपास गेलंय त्यांना दोन गोष्टी नक्की आठवतील. एक, सकाळी स्कूटर सुरू झाली नाही की ती एका अंगाला आडवी करायची, सरळ करायची आणि मग किक मारायची. दुसरी, पेट्रोल पंपावर विचारला जाणारा प्रश्न : "ऑइल किती टाकू?" पहिल्या गोष्टीवर भरपूर विनोद झालेत. आज बोलायचंय ते दुसरीबद्दल. कारण या साध्या प्रश्नाचं उत्तर शेवटी सुप्रीम कोर्टाच्या आदेशापर्यंत पोचलं.

आधी इंजिन समजून घेऊ. फोर-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं ऑइल खाली वेगळं साठवलेलं असतं आणि तिथेच फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमधून जातं आणि मग सिलिंडरमध्ये. त्यामुळे तिथे ऑइल साठवून ठेवता येत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. वंगण करता करता ते जळतं. जे नीट जळत नाही ते निळसर धूर होऊन बाहेर पडतं. दुसरी अडचण अशी, की ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरून जुना धूर बाहेर ढकलतं तेव्हा धुराची वाट उघडीच असते. म्हणजे थोडं ताजं पेट्रोल न जळताच निघून जातं. मग हे इंजिन वापरलं कशाला? तर व्हॉल्व्हची भानगड नाही, सुटे भाग कमी, वजनाला हलकं, किमतीला स्वस्त आणि रस्त्याकडेच्या मेकॅनिकलाही खोलता येईल असं.

युद्धानंतरच्या इटलीला असंच काहीतरी हवं होतं. पिआज्जिओ ही त्याआधी विमानं बनवणारी कंपनी. तिच्यासाठी कोर्रादिनो दास्कानियो या इंजिनिअरने व्हेस्पा स्कूटर आखली आणि १९४६ साली तिचं पेटंट झालं. १९४८ साली त्याच स्कूटरवरून 'आपे' ही मालवाहू तीनचाकी आली. सुरुवातीच्या व्हेस्पांना पेट्रोलच्या ५ टक्के ऑइल लागायचं. पुढे इंजिनाची रचना सुधारली आणि २ टक्के पुरायला लागलं. हा २ चा आकडा लक्षात ठेवा.

भारतात बजाजने आधी या गाड्या आयात करून विकल्या. १९५९ साली कंपनीला उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीत कारखाना उभा राहिला. पिआज्जिओबरोबरचा करार १९७१ साली संपला, १९७२ साली चेतक आली आणि १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा. किती गाड्या बनवायच्या हेही तेव्हा सरकार ठरवायचं, त्यामुळे स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. इतकी वाट बघून मिळालेली गाडी माणूस जपणारच. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं, कार्ब्युरेटर साफ करणं, सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन काढणं ही कामं घराघरात यायची. रिक्षावाल्याच्या बाबतीत तर प्रश्न पोटाचा होता. इंजिन जॅम झालं की दिवसाची कमाई गेलीच, वर पिस्टन-रिंगचा खर्च.

आता त्याच्या जागी उभं राहून विचार करा. ऑइल कमी पडलं तर इंजिन जाणार. जास्त पडलं तर नुसता धूर होणार. तुम्ही काय कराल? थोडं जास्तच टाकाल. हिशोब करून बघा : ३ लिटर पेट्रोलला २ टक्क्यांनी ६० मिली ऑइल लागतं. हाताने ओतताना ते १५० मिली झालं, की थेट ५ टक्के. त्यात पंपावर किंवा गॅरेजात सुटं मिळणारं ऑइल टू-स्ट्रोकसाठी बनवलेलं असेलच याची खात्री नाही.

वर्ल्ड बँकेने २००० साली दक्षिण आशियातल्या टू-स्ट्रोक गाड्यांवर एक अहवाल काढला. त्यात हीच सवय प्रदूषणाचं मोठं कारण म्हणून दाखवली आहे : गरजेपेक्षा जास्त ऑइल, आणि तेही चुकीच्या प्रकारचं. त्याआधीच, २८ जुलै १९९८ रोजी, सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या हवेबद्दल आदेश दिला होता. १९९०च्या आधीच्या रिक्षा आणि टॅक्सी बदलून स्वच्छ इंधनावर चालणाऱ्या नव्या गाड्या आणायच्या, हे कलम सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच आदेशात आणखी एक छोटं कलम आहे, जे फारसं कुणी सांगत नाही : सुटं ऑइल विकायला बंदी, आणि पंपावर मोजून मिसळणारी यंत्रं. म्हणजे इंजिनाइतकाच ओतणारा हातही कोर्टाने विचारात घेतला होता.

पुढे दिल्लीच्या रिक्षा सीएनजीवर आल्या. नव्या गाडीचं कर्ज आणि गॅससाठीच्या लांबच लांब रांगा रिक्षावाल्यांनीच सोसल्या. प्रश्न सुटला का? ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दिल्लीत रोज धावणाऱ्या रिक्षा तपासल्या. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. टू-स्ट्रोक सीएनजी रिक्षांमध्ये जवळजवळ एक तृतीयांश गॅस नीट जळत नव्हता, आणि ऑइलमुळे होणारे धुराचे कण होतेच. वर दिलेली इंजिनाची रचना आठवली, तर यात आश्चर्य काहीच नाही. गॅसमध्ये ऑइल मिसळता येत नाही म्हणून ते वेगळं द्यावं लागतं, पण शेवटी ते जळतं तिथेच. इंधन बदललं, इंजिन तेच राहिलं.

आता आपल्या कामाचं. आपण विज्ञानाची मुलं. "टू-स्ट्रोकला ऑइल किती लागतं?" असं विचारलं की आपण मॅन्युअल उघडून २ टक्के लिहितो, त्यावर उत्सर्जनाचं गणित मांडतो आणि मोकळे होतो. मीही पहिल्या वर्षी असंच केलं असतं. पण तो आकडा कारखान्याचा आहे, रस्त्याचा नाही. रस्त्यावर किती ओतलं जायचं हे कळायला जुना मेकॅनिक, पंपावरचा माणूस आणि रिक्षावाला यांच्याशीच बोलावं लागतं. आणि बोलताना "तुम्ही चूक का करत होता?" असं विचारून चालत नाही. त्याच्यासाठी ती चूक नव्हतीच. धुराचा खर्च सगळ्या गावात वाटला जात होता, इंजिनाचा खर्च मात्र त्याच्या एकट्याच्या खिशातून जायचा. ज्या गोष्टीला आपण अज्ञान म्हणून निकालात काढतो, ती बऱ्याचदा असा सरळ हिशोब असते.

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा आपल्या विषयातला असा एखादा आकडा शोधा, जो सगळेजण छापील कागदावरून उचलतात. शेतात फवारणीच्या औषधाचं प्रमाण असेल, घरात पाण्यात टाकायचं क्लोरीन असेल. छापील आकडा एका रकान्यात लिहा. शेजारचा रकाना रिकामा ठेवा आणि तो भरायला बाहेर पडा.